पारास्काची मुरड

मेलानियाने ताटावरचा ओला पंचा उचलला आणि तिचा हात तसाच हवेत राहिला. ताटात पिरोह्या मांडल्या होत्या, बटाट्याचं आणि चीजचं सारण भरून अर्ध्या चंद्रासारख्या दुमडलेल्या. तिच्या स्वतःच्या चपट्या चिमटीच्या ओळी तिने ओळखल्या. व्लादाने काट्याने कडा दाबलेल्या ओळीही ओळखल्या. शेवटची ओळ मात्र दोरीसारखी पिळून मुरडलेली होती आणि पीळ उलट्या बाजूने पडला होता. हात डावखुरा होता.

सकाळपासून युक्रेनी सभागृहाच्या स्वयंपाकघरात त्या दोघींशिवाय कोणी पाऊल टाकलं नव्हतं.

"मावशी, ही नक्षी तुमची? मलाही शिकवा ना," व्लादा म्हणाली.

"आधी तो काटा टाकून दे, मग शिकवते," मेलानिया म्हणाली आणि पंचा पुन्हा घातला.

अशी मुरड विनिपेगच्या या उत्तर भागात एकाच बाईची होती. ती बाई म्हणजे पारास्का, मेलानियाची कुमा. मेलानियाच्या थोरल्याची ती धर्ममाता, आणि आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीच्या वरचढ. पारास्का कितीतरी वर्षं महिला संघाची आणि मग सगळ्या सभागृहाची अध्यक्ष होती. महासाथीच्या हिवाळ्यात ती गेली.

तिच्या मुरडीच्या पिरोह्या गेल्या वर्षापासून ताटात निघू लागल्या होत्या. कधी एक, कधी दोन. मेलानिया कोणाला न सांगता त्या वेगळ्या काढायची, रुमालात बांधून घरी न्यायची आणि एकटीच बसून खायची. चव तीच होती, मिरपूड जरा जास्त. भीती वाटायची, पण पिरोह्या करण्याच्या शनिवारची वाटही पाहिली जायची. आज मात्र पूर्ण ओळ होती, कारण आज वार्षिक सभा होती.

रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, दुसरं युक्रेनी सभागृह होतं. फार पूर्वी, मायदेशापासूनही दूर कुठेतरी, पुढारी आपसांत भांडले, आणि इथे बर्फातल्या एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन अध्यक्ष, दोन गायनमंडळं आणि दोन नाताळची झाडं उभी राहिली. मेलानियाच्या लहानपणी तर पलीकडच्या मुलांशी गोट्या खेळलं तरी घरी बोलणी बसायची. तरी काय दिवस होते ते! नीप्रो नदी रंगवलेला पडदा वर जायचा आणि नाचणाऱ्यांच्या लाल बुटांनी जमीन हादरायची. आता त्याच जमिनीवर सभासदांच्या काठ्या वाजत. पलीकडच्यांकडे माणसं होती, युद्धातून आलेली कुटुंबंही त्यांच्याकडेच गेली होती, पण त्यांचं छप्पर धोक्याचं ठरवून नगरपालिकेने दाराला कुलूप लावलं होतं. मुलांची शनिवारची शाळा उघड्यावर आली. ती शाळा चालवणारी व्लादा खारकिव्हमध्ये एकदा आपली शाळा जळताना पाहून आली होती. पलीकडे कुलूप लागल्यापासून ती इथे मेलानियाच्या हाताखाली पिरोह्या वळायला यायची.

मेलानियाने ठराव मांडला होता की दोन्ही संस्था एक कराव्यात आणि ही इमारत दोघांची व्हावी. पण पारास्काने नियमच करून ठेवला होता. इमारतीबद्दलच्या ठरावाला एकाचाही विरोध झाला, तर ठराव पडला.

गेल्या वर्षी तो तसाच पडला. चिटणीस ओनुफ्रीने मागच्या बाकाकडे पाहून "विरोधात एक" असं पुकारलं. सगळ्यांनी माना वळवल्या. हात वर केल्याचं कोणीच कबूल करेना. ओनुफ्री शपथेवर सांगत राहिला की बाईचा हात होता, पिठाने माखलेला. तेव्हापासून माणसं एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. या वर्षीही ठराव पडला तर थकलेल्या करापोटी सभागृह विकावंच लागणार होतं. घेणारा इथे गाड्या धुण्याचं दुकान काढणार होता.

व्लादा बाक मांडायला बाहेर गेली. मेलानिया लांब लाकडी पाटाच्या टोकाशी आली. तिथे पिठात बोटांचे ठसे होते, आणि खुंटीवर पारास्काचा निळा ॲप्रन होता, तिच्या घट्ट गाठीसकट.

"कुमा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "गाड्या धुतलेल्या चालतील तुला इथे? पलीकडची पोरं चालणार नाहीत?"

ॲप्रनची नाडी हलली. खिडकी बंद होती.

"पलीकडच्यांना इथे येऊ देणार नाही असा तुला शब्द दिला होता, ठाऊक आहे मला. तू घेतलास म्हणून दिला. पण तू अजून इथे कशी, सांग ना! चर्चमध्ये तुझ्यासाठी सगळं..."

आणि बोलता बोलता तिला आठवलं.

आमच्या सभागृहात वार्षिक सभेची सुरुवात वर्षभरात गेलेल्यांची नावं घेऊन होते. सगळे उभे राहतात आणि 'चिरंतन स्मृती' गातात. पारास्का दर वर्षी बजावायची, "सभेने नाव घेऊन सोडलं नाही, तोवर माणूस सभासदच." महासाथीच्या वर्षी सभाच झाली नाही. पुढच्या सभेत फक्त त्याआधीच्या एका वर्षात गेलेल्यांची नावं घेतली गेली. सभा चुकलेल्या त्या हिवाळ्यात एकटी पारास्का गेली होती आणि तिचं नाव कोणी घेतलंच नव्हतं. चर्चमध्ये मोजक्या माणसांत गाणं झालं, म्हणून सगळ्यांना वाटलं की झालं.

मेलानिया स्टुलावर बसली. नाव घेतलं की ठरावाच्या आड कोणी येणार नव्हतं. नाव घेतलं की शनिवारी रुमालात बांधून न्यायलाही काही उरणार नव्हतं.

सभेला नेहमीचीच माणसं आली. दाराशी, कोट न काढता, पलीकडची अध्यक्ष युस्तिना पाहुणी म्हणून बसली होती.

"कोट काढ की, युस्तिना. आमच्याकडे छप्पर आहे," ओनुफ्री म्हणाला.

"छप्पर आहे, पण ऊब कुठे आहे?" युस्तिनाने तिथल्या तिथे परतवलं. काही जण हसले, पण खोलीत खरोखरच गारठा होता. मागचा बाक रिकामा होता. तिथे बसायला कोणी तयार नव्हतं.

यंदा गेलेल्यांची नावं झाली. ओनुफ्री गायला सुरुवात करणार, तेवढ्यात मेलानिया उठली.

"थांब. एक नाव राहिलंय."

"कोणाचं?"

"पारास्काचं."

"काय बोलतेस, मेलानिया? तिला पुरलं त्या दिवशी थंडीने माझे कान गळायचे बाकी होते. चर्चमध्ये गायलो की आपण!"

"चर्चने सोडलं तिला. आपण नाही सोडलं. ती अजून सभासद आहे, ओनुफ्री. पिठाचा हात तूच पाहिलास ना?"

ओनुफ्रीने चष्मा काढला, पुसला आणि मागच्या बाकाकडे न बघता पुन्हा घातला. खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. युस्तिनाही उभी राहिली, आणि उभी राहताना तिने कोट काढून हातावर घेतला. पारास्काशी तिने चाळीस वर्षं अबोला धरला होता.

मेलानियाने नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. ते तोंडातून निघता निघेना.

गाणं तीनदा म्हणतात. पहिल्या वेळी मागून एक खर्जातला बायकी आवाज मिसळला, जरा मागे रेंगाळणारा, पारास्काची सवय होती तसा. कोणी मान वळवली नाही, पण व्लादाने मेलानियाचा हात घट्ट धरला. दुसऱ्या वेळीही तो आवाज होता, लांबून आल्यासारखा. तिसऱ्या वेळी मेलानिया स्वतः गायची थांबली आणि कान देऊन उभी राहिली. हयात माणसांच्या घोगऱ्या, बेसूर आवाजांखेरीज काही ऐकू आलं नाही.

"ठरावाच्या बाजूने?" हात वर झाले. "विरोधात?"

ओनुफ्री मागच्या बाकाकडे बराच वेळ पाहत राहिला. "कोणी नाही," तो शेवटी म्हणाला.

टाळ्या वाजल्या, कोणी कोणाला मिठी मारली. युस्तिना बाह्या सरसावत स्वयंपाकघरात शिरली. "जेवण तरी वेळेवर होऊ द्या या घरात," ती म्हणाली. व्लादाने उकळत्या पाण्यात पिरोह्या सोडल्या होत्याच.

"मावशी! हे काय झालं?"

पातेल्यातलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. चपट्या चिमटीच्या पिरोह्या वर तरंगत होत्या. काट्याच्याही शाबूत होत्या. फक्त शेवटच्या ओळीतल्या सगळ्या उकलल्या होत्या आणि बटाटा पाण्यात विरघळत होता. पारास्काची पिरोही जन्मात कधी फुटली नव्हती. दुसऱ्या कोणाची फुटली की ती आठवडाभर टोमणे मारायची.

"बाकीच्या काढून घे," युस्तिना व्लादाला म्हणाली. "मी दुसरं पाणी ठेवते." मग तिने मेलानियाच्या तोंडाकडे पाहिलं आणि झारा तिच्यापुढे धरला.

मेलानियाने झारा घेतला आणि एक रिकामं आवरण पाण्यातून वर काढलं. ते तळहातावर पसरलं. मऊ, गरम, कडेने सपाट. ती ते उजेडाकडे धरून पाहत राहिली. कोणाच्या हातची पिरोही, ते आता सांगता येत नव्हतं.