कॅमेऱ्याला तीट

आमच्या हॉलमधला कॉम्प्युटर जुना आहे. त्याच्या कॅमेऱ्यातून मी दुपारी ऑफिसात बसून मोबाइलवर तेजूला बघते. तेजू माझी मुलगी, नुकती रांगायला लागलेली. घरी तिला सासूबाई सांभाळतात. त्यासाठीच त्या चांदवडहून आल्यात.

ऑक्टोबरात स्क्रीनवर सूचना आली. विंडोज टेनचा सपोर्ट संपला, यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत.

"लगेच दरोडा नाही पडत गं," नवनाथ, माझा नवरा, म्हणाला. "दिवाळीनंतर घेऊ नवीन."

त्याला काय! कुणी परका त्या कॅमेऱ्यात शिरून माझ्या पोरीला बघत बसला तर? आणि कॅमेरा काढला, तर मला ती दिसणार कशी? सकाळी निघायची वेळ झाली तरी मी कॅमेऱ्याची वायर हातात धरून उभीच.

सासूबाई तेजूला न्हाऊ घालून तीट लावत होत्या. "वायर धरून काय उभी ऱ्हायली, दीपा?"

मी सगळं सांगितलं. त्या उठल्या आणि बोटावर उरलेलं काजळ त्यांनी सरळ कॅमेऱ्याच्या काचेला फासलं.

"झालं. आता नाय लागायची कुणाची नजर."

"अहो आई, मलाही दिसणार नाही ना!"

"मंग? पोर माझ्यापाशी हाय, चोरापाशी नाय." मग जरा हळू म्हणाल्या, "तुला दिसावी म्हणून रोज तिचं तोंड तिकडं करून भरवते. मान आखडली माझी. आता खिडकीत बसू आम्ही, चिमण्या बघत."

मला वाटायचं, कॅमेरा आहे हेच त्या विसरल्यात. माझ्यावर कुणी अशी पाळत ठेवली असती, तर मी त्याच्यासाठी मान वाकडी केली असती का?

दुपारी सवयीने मोबाइल उघडलाच. सगळा काळोख. आवाज मात्र येत होता, तेजूच्या खिदळण्याचा. आणि मग सासूबाईंचा:

"बघतीयस ना गं दीपा? अंधारात काय दिसतंय? जेव आधी!"

मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि डबा उघडला.

संध्याकाळी घरी आल्यावर वायर मीच काढली. काजळ मात्र पुसलं नाही.