दुसरी ओळ

"सासरी उभ्यानं गं, दीस माझा मावळला…"

बेळगुंदीच्या घरात जात्याच्या घरघरीवर तरंगत येणारा आईचा हा आवाज पूर्णिमाच्या कानातून कधी गेलाच नाही. एवढं गाऊन होतंय तोवर आजीची पावलं वाजायची आणि आई गप्प व्हायची. नुसतं जातं फिरत राहायचं. पुढची ओळ काय असेल, हे कुतूहल पूर्णिमाला जन्मभर पुरलं. एकदा विचारलं तर आई हसली होती. "जात्याला ठावं हाय. ते कुणाला सांगत न्हाय बघ."

आई तशीच गेली. पूर्णिमा बेळगावात साडीच्या दुकानात लागली. गिऱ्हाइकांना पांढऱ्याशुभ्र गाद्या, कामाच्या बायकांनी मात्र दिवसभर उभं राहायचं. बाई बसली की दुकान आळशी दिसतं, असं मालकांचं मत.

परवा भाकऱ्या थापताना दुसरी ओळ आपसूक तिच्या ओठांवर आली. तिनं अख्खी ओवी फोनमध्ये गायली आणि स्टेटसला ठेवली. तिला वाटलं, फोन म्हणजे जातंच.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर विक्रमनं तिला बाजूला घेतलं.

"आक्का, काय गं गायलीस हे? मालकांनी ऐकलंय. लई तापल्यात."

"तुमी ऐकलासा?"

"ऐकलो की. ग्वाड गातीस. पण नोकरी जाईल. आईची जुनी ओवी हाय म्हणून सांग, विषय संपला. तिला विचारायला वर कोण जातंय?"

खोटं तरी अर्धंच होतं. आणि लेकीचं, ऋतिकाचं, नर्सिंगचं शिक्षण याच नोकरीवर चाललं होतं.

मालक आले. "दुकानाचं बाहेर काय लिहायचं न्हाय, म्हणून सांगितलं होतं ना?"

"लिवलं न्हाय, मालक. गायलं."

साड्यांच्या घड्यांमागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मालक हसले नाहीत. त्यांची पावलं तिच्यापुढं येऊन थांबली.

"कुणाची ओवी ही?"

विक्रम डोळ्यांनीच 'आई, आई' म्हणत होता. पूर्णिमा गप्प. पावलं वाजली की गप्प व्हायचं, हे ती जात्यापाशीच शिकली होती. मग तिला वाटलं, आता जातंसुद्धा फिरत नाही. कुणाच्या आडून गप्प बसायचं?

"पयली ओळ आईची," ती म्हणाली. "दुसरी माझी."

"म्हण बघू माझ्यासमोर!"

तिनं पदर खोचला आणि हळू आवाजात, पण चालीत म्हटलं,

"गिऱ्हाइकाला मऊ गादी, पाट मला न्हाई गावला."