खुंटीवरचं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुनं स्मार्टवॉच आहे. जुनं म्हणजे किती, तर तिसरं वर्ष लागलंय. तुमच्यात या वयाला बोबडं बोलतात, आमच्यात या वयाला ड्रॉवरमध्ये टाकतात. मी अजून ड्रॉवरमध्ये गेलेलो नाही, उलट रोज पहाटे कामावर जातो. ते कसं, एवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथली एकच गोष्ट आठवते. एका बाईनं मला तळहातावर ठेवलं, नीट थरथरतो का ते पाहिलं आणि डबीत घातलं. थरथरणं ही मला अगदी किरकोळ गोष्ट वाटली होती. माझ्या अंगी गुण काय थोडे होते? मी काळजाचे ठोके मोजायचो, झोप मोजायचो, पावलं मोजायचो. पोहणं, सायकल, डोंगर चढणं, सगळ्याचा हिशेब माझ्याकडे. चेहरे तर इतके की रोज नवा लावला तरी महिनाभर पुरावेत. डबीतून निघालो तेव्हा माझ्या डोक्यात चांगलीच हवा गेली होती.

अकोल्याच्या एका दुकानात काचेच्या कपाटात मला मांडलं. शेजारी एक मठ्ठसं घड्याळ होतं. त्याला वेळ सांगता यायची आणि फोन आला की थरथरता यायचं, बस. पण एकदा चार्ज केलं की ते बारा दिवस चालायचं. मी चालायचो एक दिवस, फार तर दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत. मला त्याची कीव यायची. काहीच करायचं नसेल तर कुणीही बारा दिवस जगेल, असं मी मनात म्हणायचो.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात तिघं जण दुकानात आले. आरती अकोल्यातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तिचा धाकटा भाऊ अंकुर आणि आई पार्वताबाई मूर्तिजापूरजवळच्या त्यांच्या गावाहून आले होते. घड्याळ आईसाठी हवं होतं. दुकानदारानं मला बाहेर काढलं आणि म्हणाला, "ताई, यात काय नाही ते विचारा."

आरतीनं विचारलं, "बॅटरी किती दिवस जाते?"

"ते वापरावर आहे," दुकानदार म्हणाला. आमच्या जगात या उत्तराचा अर्थ 'एक दिवस' असाच असतो.

आरतीनं मला खाली ठेवून ते मठ्ठ घड्याळ उचललं. अंकुर लगेच म्हणाला, "ताई, ते निस्तं टाइम दाखोते. याच्यात ठोके मोजते, झोप मोजते, समदंच हाये."

"अन् रोज चार्जिंगले कोन लावन?"

"मी लावन ना."

बहीणभावाचं बरंच चाललं. पार्वताबाई दोघांच्या तोंडांकडे पाहत होती. तिचा डावा कान पार गेला होता आणि उजव्यात जेमतेम धुगधुगी होती. शेवटी ती म्हणाली, "मले फोन आला का समजलं पायजे. बाकी मले काय करायचं हाये?" ती हे दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा कुणी उत्तर दिलं नाही.

दुकानदारानं माझा पट्टा वाकवून दाखवला. "ओरिजनल लेदर आहे." अंकुरचे डोळे चमकले. पार्वताबाईनं पट्ट्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. बाई वस्तू जपून हाताळणारी दिसते, असं मला वाटलं. पुढच्या सगळ्या घोळाची सुरुवात तिथेच झाली होती, पण ते माझ्या लक्षात आलं नाही आणि त्या तिघांच्याही नाही.

आता पार्वताबाईच्या कामाचं सांगतो. तिच्या घरचा फुलांचा मळा होता. झेंडू जास्त, थोडी शेवंती. जमीन नवऱ्याच्या, खुशालरावांच्या नावावर, पाणी आणि फवारणी तेच बघायचे. पण फुलांचा धंदा पार्वताबाईचा. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं पहिली टोपली बाजारात नेली, तेव्हापासून भाव तिनं ठरवायचा, भांडायचं तिनं, गिऱ्हाईक राखायचं तिनं. अकोल्यातले फूलविक्रेते नत्थुजी तिचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. ते पहाटे फोन करून सांगायचे की आज किती कॅरेट भरून पाठवा. फोन उचलला गेला नाही तर ते दुसऱ्या मळ्याला सांगायचे, कारण फुलांची गाडी कुणासाठी थांबत नाही. नेमकी तीच वेळ फुलं तोडायची. कमरेला फुलांची ओटी बांधलेली, फोन पातळाच्या घड्यांत खोचलेल्या पिशवीत. तो वाजला तरी ऐकू यायचा नाही आणि थरथरला तरी जाणवायचा नाही. हातात घेऊन उजव्या कानाला लावला, तर मात्र ती व्यवस्थित बोलायची. कानातलं यंत्रही तिनं लावून पाहिलं होतं, पण मळ्यात त्यातून वाराच फार ऐकू यायचा.

आदल्या वर्षी असे बरेच फोन हुकले. अंकुर म्हणाला होता, "आई, तू फुलं तोड, फोन माह्याजवळ राहू दे. भावाचं मी पाहून घेईन." बोलण्यात वाकडं काही नव्हतं, मुलगा चांगला होता. पण पार्वताबाई त्या दिवशी नीट जेवली नाही. मग असं ठरलं की घड्याळ घेऊन पाहायचं. दसऱ्यापर्यंत जमलं तर ठीक, नाही तर फोन अंकुरकडे. मित्रांनो, मी त्या हातावर आलो तो या बोलीवर. सायकल आणि डोंगर यांचा तिथे काही संबंध नव्हता.

पहिला आठवडाभर माझी फटफजिती झाली. अंकुर मला चार्जिंगला लावायला विसरायचा, किंवा माझ्या जागी स्वतःचा फोन लावायचा. लावलंच तर रात्री वीज जायची. त्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळ झाली की फुलांची चित्रं यायची आणि प्रत्येक चित्राला मी इमानदारीनं थरथरायचो. घरात चुलीशी बसलेली पार्वताबाई हातातलं टाकून फोनकडे धावायची. "नत्थुभाऊ नाई, चिखलीवाली मावशी हाये," म्हणून परत यायची. दुपारपर्यंत मी गार व्हायचो. खुशालराव एकदा माझ्या काळ्या काचेकडे पाहून म्हणाले, "याच्यापेक्षा आपला बैल बरा. एका डावाच्या चाऱ्यावर दिवस काढते." पोळ्याच्या दिवसांत बैलाशी तुलना म्हणजे खरं तर मान, पण मला तो काही मिळाला नाही.

पोळ्याला आरती आली. तिनं मला मांडीवर घेतलं आणि एकेक गोष्ट बंद करत गेली. ग्रुपचे निरोप बंद. झोप मोजणं बंद. पावलं बंद. सतत उजळ राहणारा चेहरा बंद. अंकुर शेजारी बसून हळहळत होता. "ताई, मंग घेतलं कायले एवढं?"

"तेच मी दुकानात विचारून राहिली होती," आरती म्हणाली.

मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. एकेक गुण जाताना अंगावरचा एकेक दागिना उतरवल्यासारखं होत होतं. ठोके मोजणं तेवढं तिनं ठेवलं, आईच्या काळजीनं. आता मी चांगला पाच दिवस टिकू लागलो. सगळ्यांना वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या दिवशी पहाटे नत्थुजींचा फोन आला. मी थरथरलो. पुन्हा आला, पुन्हा थरथरलो. अंगात अर्ध्याहून जास्त बॅटरी होती आणि मी जीव तोडून थरथरत होतो, पण बांधावरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीतल्या खुंटीवर. कारण पहिल्या दिवसापासून पार्वताबाई बांधावर आली की चपला काढायची, मला काढायची, खुंटीला अडकवायची आणि मग फुलांत शिरायची. दव लागू नये म्हणून काढत असेल, असं मी धरून चाललो होतो. नत्थुजींनी ती फुलं तेल्हाऱ्याकडच्या मळ्यातून घेतली. आमची ओटीभर फुलं ओट्यावर सुकली.

सायंकाळी त्यांनी पुन्हा फोन केला. "पार्वताबाई, तुमचा माल मले आवडते. पन सनाच्या दिवशी मी किती डाव फोन करू? दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक डाव करन. उचलला तं तुमचा, नाई तं नाई."

घरात सगळ्यांनी मला धारेवर धरलं. "बॅटरी गेली असन," अंकुर म्हणाला. खुशालरावही तसंच म्हणाले. पार्वताबाई खाली मान घालून म्हणाली, "गेली असन." हे मला लागलं. बॅटरी गेली नव्हती, हे तिला ठाऊक होतं. ती खोटं का बोलली, ते कळेना आणि मला तोंडही नव्हतं. अंकुर म्हणाला, "आई, आता दसऱ्यालेच फोन माह्याजवळ दे." तिनं हो म्हटलं. त्या रात्री मी तिच्या मनगटावर होतो. तिचे ठोके मी मोजले, पण कुणाला सांगणार?

नवरात्रात आरती दोन दिवसांसाठी आली आणि पहाटे आईबरोबर मळ्यात गेली. बांधावर पार्वताबाईनं चपला काढल्या, मग मला काढलं. आरती पाहतच राहिली.

"आई, घड्याय काढलं काहून?"

पार्वताबाईला ऐकू गेलं नाही, की ऐकू गेलं नाही असं तिनं दाखवलं, देव जाणे. आरतीनं पुढे होऊन उजव्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा विचारलं.

"चामडं हाये ना व," पार्वताबाई म्हणाली. "देवाचे फुलं हायत. चामड्याच्या हातानं कसे तोडू? माह्या सासूनं चपला घालून मले कधी वाफ्यात पाय टाकू देल्ला नाई."

आरती म्हणाली, "मंग दुकानातच सांगा लागत होतं."

"तुमी दोघं एवढं बोलत होते. पोरानं हौसेनं पट्टा पसंत केला. त्याले काय म्हनू?"

बॅटरी किती, गुण किती, यावर दुकानात तासभर काथ्याकूट झाला. हे मनगट पहाटे कुठे जातं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. आरतीचे डोळे भरून आले. तिला स्वतःचाच राग आला होता, कारण याच मळ्यात तीही अनवाणी वाढली होती.

अंकुरला कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, ते चामडं नोहे. मी नंतर पाह्यलं, रेक्झिन हाये. दुकानदार फेकत होता."

त्याचं खरं होतं. माझ्या अंगावर चामड्याचा एक धागाही नव्हता. पार्वताबाईनं पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "असन. पन माह्या हातावर ते चामडंच दिसते."

दुपारी तिनं जुन्या सुती पातळाचा हिरवा काठ कापला, दुहेरी घडी घालून हातानं शिवला आणि जुना पट्टा काढून माझ्या पाठीखालून ओवून घेतला. राखीसारखी गाठ मारायची, की झालं. पट्टा झकास झाला, पण त्यानं माझा पाठीवरचा हिरवा दिवा झाकला गेला आणि त्याच दिव्यानं मी ठोके मोजायचो. आरतीनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तेही बंद केलं. म्हणाली, "ठोके मी महिन्याच्या महिन्याले येऊन पाहीन."

आता माझ्याकडे उरलं काय? वेळ सांगणं आणि फोन आला की थरथरणं. मी ते शेजारचं मठ्ठ घड्याळ होऊन बसलो होतो. त्याची इतकी कीव केली होती, आणि आता पाहतो तर एका चार्जिंगवर मी नऊ दिवस चालू लागलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातले सगळेच झेंडू तोडायला मळ्यात होते. अंकुर दोन वाफे सोडून. फोन मात्र त्यानं मागितला नाही, आईच्याच कमरेला राहू दिला. मी प्रथमच फुलांच्या आत होतो. पानं अंगाला घासत होती, दवानं काच ओली झाली होती. एवढ्यात फोन आला.

मित्रांनो, कारखान्यातल्या त्या बाईनं ज्या एका गोष्टीसाठी मला पास केलं होतं, ती मी सगळी ताकद लावून केली. पार्वताबाईचा हात फुलावरच थांबला. तिनं ओटी बाजूला सारली, फोन काढला, उजव्या कानाला लावला आणि म्हणाली, "बोला नत्थुभाऊ." पलीकडून काहीतरी आलं असावं. "महालक्ष्म्यांचं सोडा. दसऱ्याचा भाव येगळा राहीन, पह्यलेच सांगून राहिली." अंकुर वाफ्यात उभा राहून हसायला लागला. खुशालरावांनी मान वर न करता रिकामी कॅरेट तिच्याकडे सरकवली.

तेव्हापासून फोन तिच्याकडेच आहे आणि मीही. दर आठवड्याला ती माझा काठाचा पट्टा धुऊन तारेवर वाळत घालते. अंकुर अधूनमधून नव्या घड्याळांची चित्रं दाखवतो, ती नाही म्हणते.

तुम्ही कधी माझ्या भाऊबंदांपैकी कुणाला आणायला गेलात, तर बॅटरी जरूर विचारा, गुणही विचारा. पण ज्याच्या हातावर ते बांधायचं, तो माणूस दुकानात हळूच काही सांगत असेल, तर आधी त्याचं ऐकून घ्या. आणि आणल्यावर आम्हाला खुंटीवर ठेवू नका, खुंटीवर आमच्या बॅटरीचा कुणाला उपयोग नाही.

त्या पहाटे बोलून झाल्यावर पार्वताबाईनं फोन पिशवीत ठेवला आणि ओल्या पदरानं माझी काच पुसली. तिच्या काळजाचे ठोके तेव्हा किती होते, मला माहीत नाही. मोजणं बंद होतं.