सत्त्याण्णव कोरी पानं

लढाई थांबून दोन वर्षं झाली आणि नवी राज्यघटना लिहायला आयोग बसला. मी त्या आयोगाची स्टेनो. गावोगावी सुनावण्या झाल्या, लोक बोलत होते आणि मी खाली मान घालून लिहीत होते. एका माणसाला तीन मिनिटं आणि एक पान. अहवालावर शेवटी सही माझी, की जे घडलं तेच यात आहे. त्या सहीशिवाय अहवाल सभागृहात जात नाही. एवढा मान माझ्या सहीला जन्मात मिळाला नव्हता. बँकेत तर ती जुळत नाही म्हणून दरवेळी परत येते.

टाइप झालेला अहवाल सकाळी टेबलावर आला. उद्या अकराला सभागृहात जायचा होता. त्यात चांगलंही बरंच होतं, खोटं कशाला बोलू. दोन्हीकडच्या भाषा शाळेत शिकवायच्या. पोलिसांवर नागरिकांची समिती. सैन्याला शहरात उतरायचं असेल तर आधी सभागृहाची परवानगी. ही तीन वाक्यं दहा वर्षांपूर्वी कुणी लिहिली असती, तर आमच्या गल्लीतली निम्मी माणसं आज दारात बसून गप्पा हाणत असती.

मग कलम अठ्ठावीस आलं. लढाईच्या काळात कुणी कुणाला नेलं, कुठे नेलं, याची चौकशी यापुढे होणार नाही. खाली तक्ता होता. बाजूने दोनशे चाळीस, विरोधात एकशे एकाहत्तर.

मी वह्या काढून मोजलं. बाजूने बोललेले एकशे त्रेचाळीस. मग हे वरचे सत्त्याण्णव कुठून उगवले? पुन्हा मोजलं आणि एकेक पान उलटत गेले.

ती माझी कोरी पानं होती.

आयोगात यायच्या आधी मी वीस वर्षं कोर्टात काढली. तिथली सवय अशी की साक्षीदार उभा राहिला आणि बोललाच नाही, तर वर नाव लिहायचं आणि पान कोरं सोडायचं. रडणं स्टेनोने लिहायचं नसतं. सुनावणीत सत्त्याण्णव जण, बहुतेक बायकाच, माइकसमोर उभे राहिले आणि त्यांना शब्द फुटला नाही. त्यांतली एक माझी वहिनी. माझ्या भावाला कारखान्याच्या फाटकातून गाडीत घालून नेलं, त्याला सहा वर्षं झाली. तिचंही पान मी शिस्तीत कोरं सोडलं होतं.

मी आयोगाच्या सचिवांच्या खोलीत गेले.

"हरकत नोंदवली नाही ते बाजूने धरले," ते म्हणाले. "सगळीकडे असंच करतात, ताई."

"सगळीकडे म्हणजे कुठे?"

"अहो, ज्यांच्या हातात बंदुका होत्या ते आता टेबलाशी बसलेत. हे कलम गेलं तर उठून जातील. शांतता हवी ना तुम्हाला?"

"हवी. पण ती माझ्या वहिनीच्या नावावर का मागताय? तिला विचारलंत?"

"तुम्हीच कोरं सोडलंत," ते शांतपणे म्हणाले.

हे मात्र खरं होतं. संताप त्यांच्यावर निम्मा आणि माझ्यावर दुप्पट. माझ्या टेबलाशी परत येऊन मी वहिनीला फोन केला. ती जवळच्याच इस्पितळात चादरी धुण्याच्या विभागात आहे. ओल्या हातांनीच आली. मी सगळं सांगितलं. तिने पदराला हात पुसले.

"वन्सं, तुम्ही समोर बसला होतात. दोन हातांवर."

"हो."

"मी गप्प होते म्हणून तिथे नव्हतेच का?"

मी वही उघडली आणि तिचं पान काढलं. "विरोधात लिहू?" मी विचारलं.

"माझ्या तोंडात आता तुम्हीपण शब्द घालू नका. झालं ते लिहा."

मी लिहिलं: नवऱ्याचा फोटो घेऊन आली. बोलता आलं नाही. तीन मिनिटांची घंटा वाजली तरी मंचावरून खाली उतरली नाही. दोघांनी धरून उतरवलं.

"तिघांनी," वहिनी म्हणाली. मी दुरुस्त केलं.

दारात सचिव उभे होते. "नोंदीत आता बदल करता येणार नाही."

"बदल करत नाही. राहिलेलं लिहितेय. सगळी पानं भरेन, मगच सही. हे लोक ना बाजूने, ना विरोधात. ते तक्त्यातून काढा."

"तसं केलं तर विरोध जास्त होतो. कलम परत चर्चेला जाईल."

"जाऊ दे."

"मी दुसरी स्टेनो बोलावतो."

"बोलवा. ती सुनावणीला नव्हती, हे मी सभागृहाला लिहून देते."

त्यांनी घड्याळ पाहिलं, मग वह्यांची चळत. "सगळी आठवतात तुम्हाला?"

सुनावणीत माझी मान खाली होती, डोळे नव्हते. पुढचं पान एका म्हाताऱ्याचं होतं. त्याने माइक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. वहिनीने सचिवांसाठी ठेवलेली खुर्ची ओढली आणि न विचारता माझ्याशेजारी बसली. सचिव तक्ता उचलून तो दुरुस्त करून घ्यायला टायपिस्टकडे निघाले. जाताना दार इतक्या जोरात आपटलं की वहिनी म्हणाली, "हेही लिहून ठेवा."