योगेंद्रच्या नावाची खोली

आखाजी जवळ आली तेव्हा एका संध्याकाळी आमच्या योगेंद्रने जेवता जेवता सांगितलं, की यंदा त्याची बहीण नूतन आणि दाजी नक्की येतात, आणि त्यांच्या झोपण्याची सोय त्याने हॉटेलात केली आहे.

भाकरी थापता थापता माझ्या बायकोचा, धुरपदाचा, हात थांबला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आम्हा खान्देशी लोकांत या सणाला सासरी गेलेली लेक माहेरी येते. दिवाळीला नाही आली तरी चालतं, आखाजीला यायलाच हवी. गाव सोडून सुरतेत, गोडादऱ्यात येऊन आमचं अर्धं आयुष्य गेलं, पण हे काही सुटलं नाही.

"पोर आखाजीले येस, नि झोपाले हाटेलमा जास? आसं कोठे व्हस का?" धुरपदा म्हणाली.

"आई, दाजींना इथं झोप लागत नाही. तुला माहीत आहे ना मागच्या वेळचं."

माहीत सगळ्यांनाच होतं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला जावई ललितराव आले होते. माणूस चांगला, विमा कंपनीत कामाला, पण नाशिकच्या शांत वस्तीत वाढलेला. आमच्या खोलीच्या भिंतीला लागून लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना आहे. त्यातली यंत्रं रात्रंदिवस चालतात. आम्हाला ती ऐकूच येत नाहीत, उलट लाइट गेली आणि ती थांबली की आम्ही जागे होतो. ललितराव मात्र रात्रभर भिंतीला टेकून बसले. सकाळी डोळे लाल. दोन दिवस राहणार होते, ते दुपारच्या गाडीनेच गेले. जाताना पाया पडले. त्यानंतर दर आखाजीला नूतनचं काही ना काही निघायचं. कधी सासूचा गुडघा, कधी ऑफिसची सुट्टी. कुणी कुणाला दोष दिला नाही, पण धुरपदाने तो स्वतःच्या घराला लावून घेतला.

म्हणून योगेंद्रने वर्षभर हा उद्योग केला होता. तो कापड मार्केटमध्ये ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पार्सलं बुक करतो. तिथे बँकेचा एक माणूस क्रेडिट कार्डं देत फिरत होता. त्यातलं एक हॉटेलवाल्यांचं होतं. त्या कार्डाने खर्च केला की पॉइंट जमतात, आणि पुरेसे जमले की त्यांच्या हॉटेलात एक रात्र फुकट राहता येतं. योगेंद्रचा स्वतःचा खर्च तो कितीसा. मग त्याने गल्लीला सांगितलं, तुमची बिलं मी कार्डाने भरतो, पैसे मला रोख द्या. उखाचा मोबाइल, निंबाचा फ्रिज, मंदाबाईच्या पोरांच्या शाळेची फी, सगळं त्याच्या कार्डावर गेलं. आलेली रोकड तो लगेच बँकेत टाकायचा. "बाबा, यात एकच गोम आहे," तो मला म्हणायचा, "भरायची तारीख चुकली की फुकटचं सगळं महागात पडतं." त्याने तारीख कधी चुकवली नाही.

"दाजींची झोप झाली तर ते दरवर्षी येतील," तो आईला म्हणाला. "रूम फुकट शे, एसी शे."

"ते तर येतील," धुरपदा म्हणाली. "पन मनी पोर?"

माझी लेक मला कुठे मिळणार, असं तिचं म्हणणं होतं.

आखाजीच्या सकाळी दोघं आली. नूतन थोडी भरली होती. तिला पाहून धुरपदा दारातच म्हणाली, "कशी शे व माय," आणि तिच्या गालावरून हात फिरवताना पीठ लागलं ते पुसायला पदर घेतला. पितरांची घागर भरली, मांडे झाले, आमरस झाला. शेजारच्या बाया येऊन नूतनला पाहून गेल्या. ललितरावांनी चार मांडे खाल्ले आणि पाचव्याला हात आडवा धरला. दिवस कसा गेला कळलं नाही. पण इतक्या माणसांत धुरपदाला लेकीशी दोन शब्द निवांत बोलता आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची परतीची गाडी होती. मधली रात्र तेवढी हाताशी होती, आणि ती हॉटेलात जाणार होती.

ऊन उतरल्यावर मी गच्चीवर पाणी मारायला गेलो, तर धुरपदाने तिथे दोन अंथरुणं घातली होती. मला पाहून तिने ती गुंडाळली. खाली जाऊन पुन्हा वर गेलो तेव्हा ती पुन्हा घातलेली होती.

"मी सकाळी लवकर येते," निघताना नूतन म्हणाली.

"सकायले काय, दुपारले तर तू जाशी," धुरपदा म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला. "तठे मांडे मिळतीन का नही, कोन जाने."

योगेंद्र कामावर होता. आखाजीला मार्केट बंद नसतं, आणि संध्याकाळी तर ट्रक भरायची वेळ. म्हणून रिक्षाने दोघांना सोडायला मी गेलो. हॉटेल नदीपलीकडे, नव्या भागात. आत इतका गारवा, की घामाचा सदरा अंगाला चिकटून थंड पडला. काउंटरवरच्या मुलीने हसून नमस्कार केला, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि विचारलं, "सर, योगेंद्रभाई आप हो?"

"नाही, मी त्यांचा मेहुणा," ललितराव म्हणाले.

मुलीचं हसू तसंच राहिलं, पण तिने मान हलवली. "सर, ये पॉइंटवाली बुकिंग है. मेंबर को खुद रुकना पड़ता है. उनके साथ एक गेस्ट चलेगा."

योगेंद्रच्या हे डोक्यातही आलं नसणार. आमच्या गल्लीत नाव एकाचं आणि वापर दुसऱ्याचा, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमचं लाइटचं मीटर घरमालकाच्या मेलेल्या भावाच्या नावावर आहे. निंबाच्या गॅसची टाकी त्याच्या साडूच्या नावाची. माझं स्वतःचं सिमकार्ड उखाच्या नावावर आहे. भावाच्या नावाची खोली बहिणीला चालणार नाही, हे कुणाला सुचणार?

ललितरावांनी रोखीने खोलीचा आजचा दर काय, ते विचारलं. मुलीने सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

योगेंद्रला फोन केला. तो मोटरसायकलवर आला, सदऱ्यावर पार्सलच्या शाईचे डाग, केसांत गोणपाटाची कुसं. येताच त्याने आधारकार्ड काढलं. मुलगी बरी होती. हळू आवाजात म्हणाली, "भैया, आप साइन कर दो. बाद में कौन रुका, कौन गया, हम देखने नहीं आते."

"बस, मग झालं," योगेंद्र म्हणाला. "दाजी, मी सही करतो आणि जातो. ट्रक उभा आहे."

मी डबा धरून उभा होतो. मला तोंड उघडावंसं वाटत होतं. पण जावई आधीच एकदा आमच्या घरातून न झोपता गेलेला माणूस. त्याला मी काय सांगणार? नूतन सोफ्याच्या कडेला बसली होती. एवढा मऊ सोफा, पण तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

ललितराव तिच्याकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळले.

"बाबा, आईंनी आज आमची अंथरुणं घातली होती का हो?"

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. "घातली होती," मी म्हणालो. "मग काढली. मग परत घातली."

योगेंद्रच्या हातात पेन तसंच.

"योगेंद्र, तुझा ट्रक दुसरं कुणी भरेल का?"

"सागर आहे. का?"

"मग आज तू इथेच राहा. नियम म्हणजे नियम. तू मेंबर, मी तुझा गेस्ट." मग बायकोला म्हणाले, "नूतन, तू बाबांबरोबर घरी जा."

"आणि तुमचं जेवण?"

"डबा आहे ना."

"अहो दाजी, तुमच्यासाठी घेतली ही खोली," योगेंद्र म्हणाला. "मी काय करू इथं?"

"झोप. एसीत कधी झोपलायस?"

"एकदा. शेठच्या केबिनमध्ये. शेठ नव्हता तेव्हा."

काउंटरवरची मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. नूतन उठली. ती नवऱ्याजवळ गेली आणि त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. मला वाटतं, तिच्या लग्नाबद्दल मला जी काळजी होती, ती तिथे बरीचशी मिटली.

रिक्षात नूतन सगळा रस्ता बोलत होती. कशाबद्दल, ते आता आठवत नाही.

आम्ही गच्चीवर गेलो तेव्हा धुरपदा एका अंथरुणावर एकटीच बसली होती. लेकीला पाहून ती उठायला गेली आणि पुन्हा बसली.

"काय वं, काय व्हयनं? जवाई कोठे शेत?"

"भाऊसंगे हाटेलमा," नूतन म्हणाली. तिच्या तोंडून इतक्या दिवसांनी आपली बोली ऐकून मला हसू आलं. "ते म्हणाले, तू घरी जा."

"रागावनात का?"

"नाही गं आई. खुशीने म्हणाले."

धुरपदाने मला विचारलं, माझ्याकडून खात्री करून घेतली. मग डबा कुणाकडे राहिला ते विचारलं. दोघांना पुरेल का, आमरसाचं झाकण नीट लागलं होतं का, तेही विचारलं. मग ती सरकली आणि लेकीला जागा करून दिली. नूतन तिच्या कुशीला आडवी झाली. मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि त्यांच्याकडे पाठ करून पडलो. त्यांना बोलू द्यावं म्हणून.

खालच्या गल्लीत पोरं अजून खेळत होती, जेवणंही कुणाची झाली नव्हती. थोडा वेळ मी वाट पाहिली, पण बोलण्याचा आवाज येईना.

"बाबा," नूतनने हळूच हाक मारली. "आई झोपली."

मी वळून पाहिलं. मांड्यांचं पुरण वाटायला पहाटेपासून उठलेली बाई. वर्षानुवर्षं सांगायचं साठवून ठेवलेली. एक शब्द न बोलता, लेकीच्या दंडावर हात टाकून, तोंड थोडं उघडं ठेवून गाढ झोपली होती.

"उठवू का तिला?" नूतनने विचारलं. "तिला वाईट वाटेल नंतर."

"नको," मी म्हणालो.

तिने दंड हलवला नाही. मोकळ्या हाताने पदराचं टोक धरून आईला वारा घालत राहिली.