चोक कावेरीच्या हातात

बायकोचं, कावेरीचं, वर्षश्राद्ध गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर करायचं आणि तिथं तिच्या आवडत्या जुन्या फियाटनंच जायचं, असं दत्तरावांनी ठरवलं होतं. ती गेल्यापासून गाडी बंद होती. म्हणून मुलानं, आदिनाथनं, बन्सीधरची जीप सांगून ठेवली होती.

"अण्णा, आठपर्यंत चालू झाली तर फियाट. न्हाई तर गुमान जीपमधी बसायचं."

"आठ कशाला? दोन हँडलात उठंल."

त्यांना खात्री होती. सेलूच्या या गल्लीत एकतीस वर्षं थंड गाडीला पुढून हँडल मारून त्यांनीच ती चालू केली होती. आदल्या दिवशी त्यांनी ताजं पेट्रोल भरलं, प्लग काढून घासले, ऑइल पाहिलं. सकाळी सून राजेश्रीला स्टिअरिंगमागे बसवलं. कावेरी तिथंच बसायची.

"मी काय करू, अण्णा?"

"चोकची मूठ ओढून धर, म्हंजी इंजिनात पेट्रोल जास्त जातं. सोडू नको. बाकी काम माझं."

हँडल उलटं फिरलं तर मनगट जातं, म्हणून त्यांनी अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला आणि खालून वर झटका दिला. दुसऱ्या झटक्याला इंजिन खोकलं आणि गप झालं. तिसऱ्याला तसंच. दहाव्यानंतर नुसता पेट्रोलचा वास सुटला.

बन्सीधर जीपला टेकून बघत होता. "काका, गाडी चालू करायलात का तिच्या पाया पडायलात?"

"तू तुझी जीप पूस."

आदिनाथनं घड्याळ दाखवलं. पावणेआठ.

दत्तराव बंपरवर टेकले. पेट्रोल जास्त झालंय हे त्यांना कळत होतं, का झालं ते कळत नव्हतं. हँडल तेच, हात तेच. मग त्यांनी पूर्वीच्या सकाळचे आवाज एकेक करून आठवले. इंजिन खोकायचं. लगेच आत खट्ट व्हायचं. मग इंजिन धरायचं. ते खट्ट आज झालंच नव्हतं. कावेरी चोक धरून बसत नव्हती. पहिल्या खोकल्याला ती तो अर्धा आत ढकलायची. एकतीस वर्षं गाडी तिनं चालू केली होती. त्यांनी नुसती हमाली केली होती.

"आदिनाथ, हँडल घे. राजेश्री, ऊठ बाई, तिथं मी बसतो."

त्यांनी किल्ली बंद केली, चोक पूर्ण आत ढकलला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि आदिनाथला सात-आठ वेळा हँडल फिरवायला लावलं. जास्तीचं पेट्रोल निघून गेलं. मग किल्ली चालू, चोक बाहेर.

"मार!"

इंजिन खोकलं. दत्तरावांनी मूठ अर्धी आत ढकलली. खट्ट. सगळी गाडी थरथरली आणि इंजिननं धरलं. आठला सात मिनिटं होती. बन्सीधर जीपमध्ये बसला आणि निघून गेला.

वाटेत त्यांनी कावेरीच्या चोकचं दोघांना सांगितलं. गंगाखेडला घाटाजवळ गाडी लावली, तरी दत्तराव इंजिन चालू ठेवून बसून राहिले.

"बंद करा की अण्णा, गुरुजी थांबलेत," आदिनाथ म्हणाला.

"तापलंय ते. मिनिटभर हळू चालू दे. एकदम बंद केलं तर आतल्या आत पाणी उकळतं."

"हे पण आईंनीच ठरवलेलं का?" राजेश्रीनं विचारलं.

"न्हाई. हे माझं हाय. सगळंच तिचं कसं आसंल?"

इंजिनचा आवाज एकसारखा झाला, तेव्हा त्यांनी किल्ली फिरवली, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले.