सातवी ओळ

"सहा लिहा, आजोबा. सहाच," मावशी म्हणाली.

मावशी म्हणजे त्या खोलीची कारभारीण. कपड्यांच्या कारखान्यातल्या बायका तिथे राहत. दिवसपाळीच्या उठल्या की रात्रपाळीच्या त्याच खाटांवर आडव्या होत. खाटा सहा होत्या. खिडकीतल्या डब्यात दात घासायचे ब्रश मात्र अकरा.

शिरगणतीचा तक्ता माझ्या मांडीवर होता. शहर इतकं वाढलं होतं, की मोजणारे कमी पडले आणि माझ्यासारख्या निवृत्त ग्रंथपालालाही बोलावणं आलं.

"घरमालकाची परवानगी सहाचीच. बाकीच्या पाहुण्या म्हणून खपवते मी. कुणी राहते म्हणाली, तर गेली रस्त्यावर."

"माहिती गुप्त असते," मी पुटपुटलो.

"गुप्त? पुठ्ठ्याच्या भिंती आहेत या. आम्ही कूस बदलली तरी मालकाला कळतं!"

बायका हसल्या. जिन्यात मालक खाकरला. हसू तिथेच थांबलं.

मी सहा ओळी भरल्या. सहा बायका, चार भाषा. मग नियमाप्रमाणे प्रत्येकीला तिची ओळ वाचून दाखवली, हळू आवाजात. नाहीतरी माझा आवाज कुठे चढतो? चाळीस वर्षं मी लोकांना गप्पच करत आलो.

"आता माझी लिहा," कोपऱ्यातली काजबटणवाली म्हणाली.

"वेडी आहेस का गं?" मावशी तिच्या कानाशी खेकसली. "एका आकड्यापायी खाट घालवशील!"

"मागच्या गणतीला मी पुलाखाली होते, मावशी. कुणी आलंच नाही. त्याच्या आधी वाटेत होते. दोनदा मोजायची राहिले मी."

मी लिहिलं. तिनं सांगितलेली भाषा मी कधी ऐकलीही नव्हती. दोनदा विचारून घेतली.

"वाचा."

"नुसतं लिहिलंय. चालेल ना?" मी जिन्याकडे पाहिलं.

"मला वाचता येत नाही. ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

मी कुजबुजलो. तिनं मान हलवली. "मशीननं कान खाल्ले माझे. मोठ्यानं."

मला नाही म्हणता आलं असतं. अजूनही वाटतं, म्हणायला हवं होतं. पण ती गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत हजेरीला बसावं तशी बसली होती.

"सात," मी मोठ्यानं वाचलं. आवाज माझाच वाटेना. "स्त्री. वय एकेचाळीस. काम काजबटण. कायमची राहणार, याच खोलीत."

मालक दारात आला. "सातवी कोण?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मी तक्त्याकडे.

"मी," काजबटणवाली उठली. तिनं खाटेखालचं गाठोडं ओढलं, डब्यातून आपला ब्रश घेतला, रुमालात गुंडाळला. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "आता नीट ऐकू आलं, आजोबा."

'एकूण'च्या चौकटीत मी सात लिहिलं. मान वर केली, तेव्हा डब्यात दहा ब्रश होते.